अंबाजोगाईला जाताय? दोन रात्री राहायच्या तयारीने जा

परळीला वैजनाथाचं दर्शन, तिथून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईला योगेश्वरीची ओटी, देवळाबाहेर घोटभर चहा आणि अंधार पडायच्या आत लातूर नाहीतर बीडचा रस्ता. बाहेरगावाहून येणाऱ्या बहुतेक मंडळींची अंबाजोगाई एवढ्यात उरकते. मुक्कामाचा विषय निघाला की ‘तिथे राहायची सोय कशी असेल कोण जाणे’ ही शंका आडवी येते आणि लातूरला हॉटेल बुक होतं. माझं म्हणणं असं आहे, की बालाघाटाच्या डोंगरावरच्या या गावाला दोन रात्री द्याव्यात. सोय होते, नीट होते. फक्त कोणत्या तारखांना जायचं, गावाच्या कोणत्या भागात उतरायचं आणि खोली ठरवताना काय काय विचारून घ्यायचं, एवढं घरून निघण्याआधी पक्कं असलं पाहिजे.

दोन रात्री कशासाठी, ते आधी सांगतो. योगेश्वरीचं देऊळ जयंती नदीच्या काठी आहे. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलस्वामिनी, म्हणून रत्नागिरी, पुणे, मुंबईची कुटुंबं एवढ्या लांब पिढ्यान्‌पिढ्या येत आली. दंतकथा अशी, की देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला. वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली. ते दगड झालेलं वऱ्हाड म्हणून लोक जी जागा दाखवतात, ती देवळापासून जवळच आहे. तिला गावात हत्तीखाना म्हणतात. शिवलेणी हे तिचं दुसरं नाव. एकाच खडकात खाली खोदत नेलेलं अंगण, मधोमध नंदीमंडप, भोवती दगडात कोरलेले मोठाले हत्ती आणि कडेने खांबांच्या ओळी. सोंडा झिजल्यात, कान फुटलेत, तरी हत्तीच्या पाठीवरच्या झुलीची नक्षी बोटाने चाचपता येते. सकाळी ऊन तिरपं असताना ही नक्षी उठून दिसते. दुपारी बारा वाजता उन्हात डोळे बारीक करून तेच बघितलं, तर ‘काळे दगड आहेत’ एवढंच लक्षात राहतं. पहाटे उठून पायी तिथे पोहोचायचं, तर आदली रात्र गावात काढावी लागते.

गावापासून काही किलोमीटरवर दरीच्या बाजूला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात, आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. विदर्भात वैनगंगेकाठचं अंभोराही मुकुंदराजांना आपलं म्हणतं, अभ्यासकांत त्यावर वाद आहेत. समाधीपाशी उभं राहून दरीत बघितल्यावर मात्र त्या वादाची फारशी आठवण राहत नाही. पावसाळ्यात इथे आणि बुट्टेनाथाच्या दरीत पाण्याचे ओहोळ धावतात. चढउतार आहे, पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा घसरणाऱ्या चपला घालून जाऊ नका.

मग दासोपंत. १५५१ साली जन्मलेल्या या दत्तभक्ताने गीतेवरचा प्रचंड ‘गीतार्णव’ लिहिला, आणि ‘पंचीकरण’ लिहिलं ते चक्क कापडावर. चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशी ती ‘पासोडी’ अंबाजोगाईतच जपून ठेवलेली आहे. चारशे वर्षांचं कापड रोज उलगडत नाहीत, हे लक्षात ठेवा. ते बघण्याची खरोखर ओढ असेल, तर दासोपंतांच्या देवघराकडे आधी चौकशी करा, विनंती करा आणि ‘आत्ता नाही’ असं उत्तर आलं तर हट्ट धरू नका. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचं देऊळ आणि बाराखांबी म्हणून ओळखलं जाणारं सकलेश्वराचं देऊळ हीसुद्धा गावातच आहेत. स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत शिकवायला होते, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या अनेक कार्यकर्त्यांची जडणघडण त्या शाळेत झाली. निजामाच्या काळात गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे घोडदळाची छावणी होती. एवढं सगळं दोन तासांत कसं बसवणार?

आता तारखा. नवरात्रात अंबाजोगाईत खोली मिळवणं अवघडच, त्यातही अष्टमी-नवमीला. दुसरा मोठा उत्सव मार्गशीर्षातला. तो पौर्णिमेला संपतो, आणि दत्तजयंतीही त्याच दिवशी येते, म्हणजे देवीची गर्दी आणि दत्तभक्तांची गर्दी एकदम. माघ वद्य षष्ठीला दासोपंतांची पुण्यतिथी असते. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे परळीचे दिवस. तिथल्या खोल्या भरल्या की भाविक अंबाजोगाईला खोल्या शोधू लागतात. २५ नोव्हेंबरपासून अंबाजोगाईत यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो. साहित्य आणि संगीताची आवड असेल, तर मुद्दाम याच दिवसांत या. पण मग खोली महिनाभर आधी ठरवा. नुसतं शांतपणे दर्शन आणि फिरणं हवं असेल, तर हे दिवस टाळून ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ निवडा, आणि मंगळवार-शुक्रवार हे देवीचे वारही शक्य तर सोडा. माझी स्वतःची पसंती दसरा झाल्यावर आणि दिवाळीच्या आधी जे मोकळे दिवस सापडतात, त्यांना. पावसाने डोंगर अजून हिरवा असतो, गर्दी ओसरलेली असते आणि बालाघाटातली सीताफळं बाजारात आलेली असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. रस्त्याकडेला पाटीत मांडलेली, डोळे उघडलेली, बोटाला किंचित दबणारी फळं बघून घ्या. पिकलेलं फळ प्रवासात टिकत नाही, म्हणून घरी न्यायची असतील तर कडक बघून घ्या.

एप्रिल-मे बद्दल स्पष्टच सांगतो. ऊन चाळिशीपार जातं आणि प्रश्न नुसत्या उन्हाचा नसतो. अंबाजोगाईला पाणी मांजरा धरणातून येतं. २०१६ साली हे धरण आटलं, तेव्हा याच पाण्यावर असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाऊस चांगला झालेल्या वर्षी चिंता नसते. पण पावसाने दगा दिलेल्या वर्षी उन्हाळ्यात खोली ठरवताना पहिला प्रश्न पाण्याचा असू द्या. बोअर आहे का, टँकर येतो का, नळाला दिवसभर पाणी असतं की ठरावीक वेळी, हे विचारायला संकोच कशाला? खोलीत गेल्यावरही अंघोळीची बादली भरून वाहू देऊ नका. त्या बादलीभर पाण्यासाठी गावात कुणीतरी हंडे घेऊन उभं असतं.

पोहोचायचं कसं, हा भाग मुक्कामाशी जोडूनच बघावा, कारण अंबाजोगाईला रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन परळी वैजनाथ. मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी लातूरला उतरून साठेक किलोमीटर एसटीने येणारेही पुष्कळ आहेत. तिकीट काढताना एक खबरदारी घ्या: ‘लातूर’ आणि ‘लातूर रोड’ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये तीस किलोमीटरहून जास्त अंतर आहे. पहाटे भलत्याच स्टेशनवर उतरून पोराबाळांसकट बसची वाट बघत बसण्याची वेळ बऱ्याच जणांवर येते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली, बीडकरांनी त्यासाठी अनेक दशकं वाट पाहिली. पण हा मार्ग पुढे परळीपर्यंत जोडला जाईपर्यंत बीडहून अंबाजोगाईचा टप्पा रस्त्यानेच करावा लागतो, तो नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीत महिलांना निम्मं भाडं आणि पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. आजी-आजोबांचं ओळखपत्र पिशवीच्या तळाशी टाकू नका, हाताशी ठेवा.

स्वतःच्या गाडीने येणार असाल, तर उजेडात पोहोचायचा हिशोब करा. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार कोयते आणि बिऱ्हाड घेऊन निघतात, कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा केजच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात असा ट्रॉलीचा मागचा भाग शेवटच्या क्षणी दिसतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च रात्रीचा प्रवास नकोच. संध्याकाळी पाचच्या आत गावात पोहोचता येणार नसेल, तर वाटेत मुक्काम करून सकाळी निघा.

आता गावातल्या गावात उतरायचं कुठे? डोंगरावरच्या प्रत्येक जुन्या गावात हा प्रश्न येतो. इटलीतलं असिसी बघा. संत फ्रान्सिसचं हे गाव टेकडीवर, रेल्वे स्टेशन खाली सपाटीवर, मध्ये बसचा चढ. तिथे जाणारा माणूस आधी हेच ठरवतो, की तटाच्या आत जुन्या गल्लीत राहायचं की खाली स्टेशनजवळ. आत राहिलं तर सकाळची बॅसिलिका पायी गाठता येते, पण बॅग दगडी चढावरून ओढावी लागते. इटलीतल्या कितीतरी जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना आत बंदी असते आणि कॅमेऱ्यात सापडलं की दंडाची चिठ्ठी घरी येते. धर्मशाळेसारख्या मठांत स्वस्तात खोली मिळते, पण रात्री ठरल्या वेळी दार बंद होतं. ४ ऑक्टोबरला फ्रान्सिसचा सण असतो, तेव्हा जागा मिळत नाही. आपली माणसं इटलीला निघताना यातली प्रत्येक गोष्ट महिनोन्‌महिने आधी वाचून, विचारून पक्की करतात. अंबाजोगाईसाठी तेवढी तयारी नको, पण तिच्या चौथाई करायला काय हरकत आहे?

देवळाच्या परिसरात उतरलात तर पहाटेची आरती आणि हत्तीखाना दोन्ही पायी होतात. भक्तनिवासाचा पर्याय इथे सगळ्यात आधी बघावा. खोली साधी असते, पण देवळाची वेळ सांभाळायची तर त्याहून सोयीचं काही नाही. रात्री फाटक कधी बंद होतं, जेवण आत मिळतं का, आगाऊ नोंदणी फोनवर घेतात की आल्यावरच देतात, हे विचारा. जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी आत घुसवू नका. ती बाहेर लावून सामान रिक्षाने न्या. बसस्थानक आणि मंडी बाजाराच्या बाजूला लॉज आहेत, तिथे जेवणखाण हाताशी, पण पहाटेपासून एसटीचे हॉर्न आणि रात्री बाजाराचा गलबला. झोप हलकी असेल तर रस्त्याकडची नको, मागच्या बाजूची खोली द्या म्हणून सांगा. गावाबाहेरच्या रस्त्यांवर नव्या धाटणीची हॉटेलं आहेत: पार्किंग ऐसपैस, खोल्या मोठ्या, खाली रेस्टॉरंट. लहान मुलं आणि स्वतःची गाडी असलेल्यांना ती बरी. मात्र अशा काही ठिकाणी खाली लग्नाचा हॉल असतो. लग्नसराईत खोली घेताना त्या तारखेला हॉलमध्ये कार्य आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. शासकीय विश्रामगृह स्वस्त आणि ऐसपैस असतं, पण एखादा अधिकारी किंवा मंत्री दौऱ्यावर आला की तुमचं आरक्षण मागे पडतं. त्याच्या भरवशावर ज्येष्ठांना घेऊन निघू नये.

बुकिंगच्या अॅपवरचे फोटो बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. एक फोन करा आणि बोला. सोबत वयस्कर माणूस असेल तर खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का आणि चालू आहे का, कमोड आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय खोली घेऊ नका. ‘लिफ्ट आहे’ आणि ‘लिफ्ट चालू आहे’ यांत गुडघेदुखीच्या माणसाला फार फरक पडतो; तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाल्यावर पहिल्या पायरीवर टेकलेल्या आजीला ‘हळूहळू चढा’ म्हणायची वेळ कुणावर येऊ नये. गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी सहा ते नऊ? वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसता दिवा-पंखा? चेक-आऊट दुपारी बाराला की चोवीस तासांचं? चोवीस तासांचं असेल, तर सकाळी सातला शिरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच खोली सोडावी लागते. म्हणून अशा ठिकाणी दुपारी शिरणं पथ्यावर पडतं. एक्स्ट्रा गादीचे पैसे वेगळे का, सांगितलेल्या दरात जीएसटी धरलेला आहे का, हे बोलून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधारची पूर्ण झेरॉक्स काउंटरवर देण्यापेक्षा, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार डाउनलोड करून त्याची प्रत द्या. खोलीत शिरल्यावर, सामान उघडायच्या आधी, नळ सोडून बघा, चादर बघा, कडी लागते का बघा. बदलून मागायची तर तेव्हाच; रात्री अकराला नव्हे.

कुलाचारासाठी येणाऱ्यांना थोडं वेगळं सांगायचं आहे. अभिषेक, महापूजा, सवाष्ण-कुमारिका जेवू घालायच्या असतील, तर आधी गुरुजींशी बोलून दिवस आणि वेळ ठरवा, खोली त्यानंतर. उलटं केलं की खोली एका दिवसाची आणि पूजा दुसऱ्या दिवसाची असा घोळ होतो. पूर्वी कुटुंबं उपाध्यांच्या घरीच उतरत. आताही नैवेद्याच्या स्वयंपाकाची व्यवस्था गुरुजींच्या ओळखीने होते. किती पानं, पुरण आहे का, सोवळ्यातलं हवं का, हे आणि दक्षिणेसह एकूण खर्च मोकळेपणाने आधी विचारा. देवाच्या दारात पैशांचं कसं बोलावं म्हणून गप्प बसणाऱ्या माणसालाच मागाहून वाईट वाटतं.

खाण्याचं थोडक्यात. हॉटेलातला पनीर-नान कुठेही मिळतो. इथे ज्वारीची गरम भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा मागा, तिखट सोसत नसेल तर ठेचा वेगळा द्यायला सांगा. सकाळी नाश्त्याला सुशीला मिळाली तर सोडू नका: भिजवलेले मुरमुरे, वर कांद्या-मिरचीची फोडणी आणि दाण्याचं कूट. ताटलीत पडते तेव्हा वाफ येत असते आणि चार घासांत संपते.

दोन रात्रींचा बेत मी असा सुचवेन. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचा, थोडी विश्रांती घ्या, संध्याकाळी देवीचं दर्शन. दुसऱ्या दिवशी पहाटे हत्तीखाना, न्याहारी करून रिक्षाने मुकुंदराज. रिक्षा परतीच्या बोलीवरच ठरवा, तिथे दुसरी लगेच मिळेल याचा भरवसा नाही. दुपारची झोप अजिबात चुकवू नका. उन्हं उतरल्यावर दासोपंत, खोलेश्वर, बाराखांबी. तिसऱ्या दिवशी लवकर खोली सोडून परळी. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं ते ज्योतिर्लिंग, तिथे लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं, आणि सकाळी लवकर रांगही आखूड असते. परळीची रेल्वे तिथूनच धरा. ज्यांना आणखी एक दिवस आहे, त्यांनी धारूरचा किल्ला जोडावा. सोळाव्या शतकातला आदिलशाही किल्ला, तास-दीड तासाच्या अंतरावर.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. बीड, लातूर, परभणी, धाराशिवच्या खेड्यांतून लोक पेशंट घेऊन तिथे येतात, आणि सोबतचे नातेवाईक याच गावात एका रात्रीची खोली शोधत हिंडतात. म्हणून वाचकांना एक विनंती. सणावाराला ‘राहू दे हाताशी’ म्हणून दोन-तीन ठिकाणी खोल्या अडवून ठेवू नका. आणि बेत बदलला तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळोत न मिळोत, फोन करून खोली मोकळी करा.